विहिरीचं पाणी बाळाला चालेल का?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही राहुरी तालुक्यात मळ्यात राहतो. घराजवळ आजेसासऱ्यांच्या वेळची विहीर आहे, चाळीसेक फूट खोल. प्यायला, स्वयंपाकाला सगळं पाणी तिचंच. तीन वर्षांपूर्वी मागच्या अंगाला २८० फुटांचं बोअर घेतलं. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की ते चालू करतो. चहूबाजूंनी ऊस आहे. माझं बाळ चार महिन्यांचं आहे. पुढच्या महिन्यात मी कामावर रुजू होणार, मग दिवसा त्याला डब्याचं दूध द्यावं लागेल. मागच्या आठवड्यात पाण्याच्या मशीनचा विक्रेता आला होता. त्याने मीटर बुडवून टीडीएस ७४० दाखवला. मग दोन ग्लासांत कांड्या बुडवून करंट सोडला, तर आमच्या पाण्यात विटकरी गाळ झाला आणि त्याच्या मशीनचं पाणी जसंच्या तसं राहिलं. मिस्टरांनी लगेच बयाणा दिला. सासरे म्हणतात, चार पिढ्या हेच पाणी प्यायल्या, कोणाला काय झालं? सासूबाई म्हणतात, वीस मिनिटं उकळून दिलं की झालं. पाणी दिसायला काचेसारखं आहे, चवीला किंचित मचूळ. पिण्याजोगं आहे की नाही हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, जि. अहिल्यानगर

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी डब्याच्या दुधापाशी थांबले. म्हणून आधी बाळाचं बोलते, मीटरचं आणि मशीनचं नंतर.

पाण्याचा अहवाल हातात येईपर्यंत विहिरीच्या पाण्यात दुधाची पावडर कालवू नका. उकळलेल्या पाण्यातही नाही. कारण नायट्रेट. उसाला पडणारा युरिया, गोठ्यातलं शेण-मूत, उकिरड्याचा निचरा, संडासाचा खड्डा या सगळ्यांतलं नत्र शेवटी नायट्रेट होऊन पाण्यात विरघळतं. पाटपाणी मोकळं सोडलं की पिकाने न घेतलेलं नत्र मुळांच्या खाली उतरतं आणि हळूहळू विहिरीच्या झऱ्यांपर्यंत पोचतं. त्याला रंग नाही, वास नाही, पिताना कळेल अशी चव नाही. काचेसारख्या पाण्यात ते खुशाल असू शकतं.

मोठ्या माणसाचं शरीर बरंचसं निभावून नेतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं तसं नसतं. त्याच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तात गेलं की रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडतं. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरने हा संबंध पहिल्यांदा मांडला. त्याच्याकडे आलेली तान्ही मुलं शेतावर राहणारी होती, आणि त्यांचं दूध विहिरीच्या पाण्यात केलेलं होतं. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. क्षार, जडपणा यांना ‘दुसरं पाणीच नसेल तर इथपर्यंत चालेल’ अशी सवलत त्या मानकात आहे. नायट्रेटला ती नाही.

सासूबाईंची काळजी खरी आहे, पण इथे उकळण्याचा उपयोग उलटा होतो. उकळताना वाफ होऊन जातं ते पाणी, नायट्रेट भांड्यातच राहतं. वीस मिनिटं उकळलं तर उरलेल्या पाण्यात ते आणखी घट्ट होतं. जंतू मारायला खळखळून उकळी आल्यावर एक-दोन मिनिटं पुरेत, त्यापुढे फक्त गॅस जळतो.

आता दिलाशाची गोष्ट. सध्या बाळ अंगावर पितंय ना? मग ते सुरक्षित आहे. आई जे पाणी पिते त्यातलं नायट्रेट दुधात फारसं उतरत नाही, तेव्हा इतके दिवस तुम्ही विहिरीचं पाणी प्यायलात म्हणून मनाला लावून घेऊ नका. सहा महिने होईपर्यंत बाळाला वरचं पाणी, घुटी, ग्राइपवॉटर काही नको. कामावर जातानाही दूध काढून ठेवून वाटी-चमच्याने पाजता येतं. ते कसं आणि किती वेळ ठेवायचं हे आशाताईंना किंवा तुमच्या डॉक्टरांना विचारा. पावडर द्यावीच लागली तर गावच्या नळयोजनेचं पाणी आणा, पण ती योजना धरणाच्या किंवा कालव्याच्या साठवण तलावावर आहे की बोअरवर, हे आधी ग्रामपंचायतीत विचारा. धरणाच्या पाण्यात नायट्रेट सहसा कमी असतं. ते पाणी उकळून वापरा. आणि बाळाचे ओठ, नखं किंवा तोंडाभोवतीची कातडी निळसर-राखाडी दिसली तर वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा आणि ‘घरी विहिरीचं पाणी आहे’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. विचारलं नाही तर राहून जातं.

सासऱ्यांच्या प्रश्नाला मी कमी लेखणार नाही. ‘चार पिढ्या प्यायल्या’ हा अनुभव आहे. पण चार पिढ्यांपूर्वीचं पाणी आणि आजचं पाणी एकच आहे का, हे त्यांनाच विचारा. भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा पट्टा बागायती झाला, तेव्हा मळ्यात शेणखत होतं, युरियाच्या गोण्या नव्हत्या. संडास घराला चिकटून नव्हता. गोठ्यात किती जनावरं होती आणि आज किती आहेत, तेही तेच सांगतील. विहीर तीच राहिली, तिच्या अवतीभवतीचं सगळं बदललं. दुसरं, त्या काळी तान्हं मूल जुलाबाने गेलं तर ते पाण्याच्या नावावर कोणी मांडत नव्हतं. हे त्यांना वाद घालून सांगू नका. त्यांना विहिरीची जी माहिती आहे ती माझ्यापाशी नाही आणि तुमच्यापाशीही नाही, ती पुढे लागणार आहे.

कांड्यांच्या खेळाबद्दल मात्र मला राग येतो, कारण भरल्या घरात येऊन माणसांना घाबरवण्यासाठीच तो केला जातो. त्या उपकरणात एक कांडी लोखंडाची असते, दुसरी बहुधा ॲल्युमिनियमची. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि गंज धरतं. ग्लासात दिसला तो विटकरी गाळ त्या कांडीचा आहे, तुमच्या विहिरीचा नाही. मशीनच्या पाण्यात क्षारच नसल्यासारखे असतात, म्हणून वीज वाहत नाही आणि पाणी तसंच राहतं. तो माणूस पुन्हा आला तर त्याच्याच ग्लासातल्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता करंट सोडा. तोच गाळ तुमच्यासमोर होईल. मिस्टरांना हे एकदा डोळ्यांनी पाहू द्या.

टीडीएसचा मीटर खोटा नाही, पण तो एकच गोष्ट सांगतो : पाण्यात विरघळलेले एकूण क्षार अंदाजे किती. पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजून तो आकडा काढतो. मानकात ५०० पर्यंत उत्तम आणि दुसरं पाणी नसेल तर २००० पर्यंत चालेल, असं आहे. ७४० म्हणजे चवीला मचूळ, भांड्याला पांढरा थर, यापलीकडे त्या आकड्यावरून मी काही बोलणार नाही. त्या ७४० मध्ये दहा मिलिग्रॅम नायट्रेट असेल किंवा शंभर, मीटरला फरक कळत नाही. तांब्याभर पाण्यात संडासाच्या खड्ड्यातलं चार थेंब पाणी पडलं तर आकडा जेमतेम हलेल, आणि ते पाणी घरभर जुलाब करेल. चिमूटभर मीठ टाकलं तर आकडा धाडकन वर जाईल, आणि त्याने कोणाचं काही बिघडणार नाही. माझ्या नोकरीची सत्तावीस वर्षं पाणी तपासण्यात गेली. ‘आमचा टीडीएस कमी आहे, म्हणजे पाणी चांगलं’ हे वाक्य या काळात जितकं नुकसान करताना पाहिलं, तितकं गढूळ पाण्याने केलेलं पाहिलं नाही. गढूळ पाणी माणूस निदान गाळून पितो.

मग ओळखायचं कसं? सुरुवात बाटलीपासून करू नका, पायांपासून करा. विहिरीभोवती एकदा सावकाश फिरा.

सांगलीकडच्या एका मळ्यात मी अशीच गेले होते. पाणी इतकं नितळ की पंचवीस फुटांवरची तळाची चीप दिसत होती. घरातल्या दोन मुलांना दर पावसाळ्यात हगवण लागायची आणि घरचे पेरूला दोष देत होते. आम्ही काठावर बसलो. पहिल्या दहा मिनिटांत काहीच दिसलं नाही. मग आतून पंखांची फडफड झाली. विहिरीच्या बांधकामातल्या एका कपारीत पारव्यांची घरटी होती, आणि त्यांच्या खाली दगडावर विष्ठेचा पांढरा ओघळ थेट पाण्याच्या रेषेपर्यंत उतरला होता. पलीकडच्या बाजूला, जमिनीपासून सहा-सात फूट खाली, दगडांच्या सांध्यातून एक ओल झिरपत होती. बाकी सगळी भिंत कोरडी, तेवढाच पट्टा शेवाळाने हिरवागार. वर येऊन त्या दिशेने पावलं मोजत गेलो तर बाविसाव्या पावलावर संडासाचा शोषखड्डा. घरच्या म्हातारबाबांना ती ओल ठाऊक होती. ‘तो जुना झरा आहे’ असं ते समजून होते. संडास बांधायच्या आधी तो झरा होता का, असं विचारल्यावर ते बराच वेळ गप्प बसले.

तुम्हीही तेच पाहा. खड्डा विहिरीपासून किती पावलांवर आहे, आणि तो विहिरीच्या चढाच्या अंगाला आहे की उताराच्या? निदान पन्नास फुटांचं अंतर हवं असं आपल्याकडे सांगतात, पण आपल्या खडकात पन्नास फुटांनीही निश्चिंत होता येत नाही. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग काळ्या बेसाल्टवर आहे. वाळूतून जाताना पाणी गाळलं जातं, पण मुरमातून आणि पाषाणाच्या भेगांतून ते पन्हाळीतून गेल्यासारखं सरळ जातं. गोठ्याचा पाट कुठे वाहतो? उकिरडा कुठे आहे? कठडा आहे का, की पावसाचं पाणी अंगणातून सरळ आत उतरतं? काठावर धुणं-भांडी होतात का? वडा-पिंपळाचं रोप बांधकामात घुसलंय का? त्याची मुळं सांधे फोडतात. औषधफवारणीचा पंप विहिरीवर धुतला जातो का? पाटाला आवर्तन आलं की विहिरीची पातळी किती दिवसांनी वाढते आणि तेव्हा चव बदलते का, हे सासऱ्यांना नेमकं ठाऊक असणार. आवर्तनानंतर चार दिवसांत पातळी चढत असेल, तर तुमच्या उसातलं पाणी तितक्याच दिवसांत विहिरीत येतंय.

बोअरकडेही जा. ‘बोअरचं खोल, म्हणून शुद्ध’ हा समज सरसकट खरा नाही. वरच्या मऊ थरात पोलादी केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडापासून आत उतरवलेला पाईप, पुरेसं खोल घातलं नसेल आणि त्याच्या बाहेरची फट सिमेंटने बंद केली नसेल, तर २८० फुटांच्या बोअरमध्येही वीस फुटांवरचंच पाणी उतरतं. बोअरच्या गाडीवाल्याने केसिंग किती फूट घातलं, हे बिलावर पाहा. पाईप जमिनीच्या वर फूटभर आला पाहिजे, त्याला झाकण हवं, भोवती सिमेंटचा ओटा हवा. बोअरच्या तोंडाशी खळगा असून त्यात चिखलपाणी साचत असेल तर आधी ते बुजवा. आणि एक कळकळीने सांगते : शेजारीपाजारी कोणी बंद पडलेल्या बोअरमध्ये संडासाचं किंवा गोठ्याचं पाणी सोडलं असेल तर ते आजच थांबवायला लावा. जमिनीखालच्या पाण्यात घाण ओतायला याहून सरळ वाट नाही.

आता नमुना. एक काम या आठवड्यात होऊ शकतं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण आणि फिल्ड टेस्ट किट दिलं आहे. ग्रामपंचायतीत किंवा जलसुरक्षकाकडे, म्हणजे गावाच्या पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाकडे, चौकशी करा. त्या किटमध्ये नायट्रेटची चाचणी असते. पाण्यात औषध टाकून येणारा रंग तक्त्याशी जुळवायचा. आकडा अंदाजे मिळतो, पण धोक्याचा कौल कळतो. जंतूंसाठी छोटी कुपी मिळते. तिच्यात पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं, तर पाण्यात विष्ठेची घाण आहे असं धरून चाला.

पक्क्या उत्तरासाठी प्रयोगशाळाच. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तालुक्यांसाठी उपविभागीय प्रयोगशाळा आहेत, आणि नाममात्र शुल्कात घरचं पाणीही तपासून मिळतं. जाण्याआधी फोन करून नमुने कुठल्या दिवशी घेतात ते विचारा. विहिरीचा आणि बोअरचा नमुना वेगवेगळा द्या. दोन्ही मिसळून आणलं तर कोणाचाच पत्ता लागत नाही.

नमुना घेण्यात लोक फार चुकतात. एक शेतकरी दादा तीस किलोमीटर मोटारसायकलवरून नारंगी सरबताच्या बाटलीत पाणी घेऊन आले होते. झाकण उघडलं तसा संत्र्याचा वास आला. बाटली त्यांनी राखेने घासून आणली होती बिचाऱ्यांनी, पण तो नमुना टाकून द्यावा लागला, आणि ते ऐकतानाचा त्यांचा चेहरा मी विसरले नाही. म्हणून सांगते, क्षारांच्या तपासणीसाठी नवा, स्वच्छ प्लास्टिकचा कॅन घ्या, त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. मोटर दहा मिनिटं चालू ठेवून मगच भरा, नाहीतर पाईपात रात्रभर साचलेलं पाणी येतं. जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी. ती प्रयोगशाळेकडूनच आणायची, निर्जंतुक केलेली, कागदात गुंडाळलेली. ती अजिबात विसळायची नाही, कारण आत क्लोरीन मारायचं औषध घातलेलं असतं. नळाचं तोंड ज्वाळेने शेकून घ्या, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, वर थोडी जागा ठेवा, बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पोचवा. विहिरीत टीसीएल (जंतू मारायची क्लोरीनची पावडर) टाकलं असेल तर लगेच नमुना घेऊ नका. पाणी चांगलं निघेल, पण ते तुमचं रोजचं पाणी नसेल.

अहवाल आला की आधी नायट्रेट पाहा. एक खोच लक्षात ठेवा : काही खाजगी प्रयोगशाळा ‘नायट्रेट’ न लिहिता ‘नायट्रेट नायट्रोजन’ लिहितात. त्या मापात मर्यादा ४५ ऐवजी साधारण १० असते. म्हणजे १५ आकडा पाहून ‘४५ च्या खूप आत आहे’ म्हणालात तर फसाल, तो ओलांडून गेलेला असतो. नायट्रेटबरोबर क्लोराइडही आजूबाजूच्या विहिरींपेक्षा चढं असेल तर मला संडासाचा किंवा गोठ्याचा संशय जास्त येतो. नुसतं नायट्रेट चढलं असेल तर बहुधा शेतातलं खत.

मग फ्लोराइड. मर्यादा १, फार तर दीड मिलिग्रॅम. तुमच्या भागातल्या खडकात ते सहसा कमी असतं, तरी बोअर आहे म्हणून पाहूनच घ्या. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या बाजूच्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने मुलांचे दात पिवळे-तपकिरी झाले आणि मोठ्यांची हाडं आखडली. तिथलं दुःख असं, की जास्त फ्लोराइडचं पाणी बऱ्याचदा हलकं असतं. कॅल्शियम कमी असल्याने साबणाला फेस छान येतो, डाळ लवकर शिजते, बायका कौतुकाने सांगतात की हे पाणी गोडं आहे. चवीवर विसंबून पाणी निवडायला म्हणूनच मी कुणाला सांगत नाही. फ्लोराइडही उकळून जात नाही. तुरटी आणि चुना वापरून ते काढायची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने बसवली, पण ती घरी मापाशिवाय करायची गोष्ट नाही.

जडपणाबद्दल थोडक्यात : २०० पर्यंत उत्तम, ६०० पर्यंत चालेल. त्याने बंबाला थर बसतो, केस राठ होतात, डाळ टणक राहते. जड पाण्याने मुतखडा होतो असं लोक खात्रीने सांगतात, तसं सिद्ध झालेलं नाही. पाणी कमी पिण्याने मात्र नक्की होतो.

जंतूंच्या रकान्यात ई. कोलाय किंवा विष्ठेतले कोलिफॉर्म ‘आढळले’ असं आलं तर घाबरू नका, पण त्या दिवसापासून सगळ्यांनी उकळलेलं पाणी प्यायचं, सासऱ्यांनीसुद्धा. मग विहिरीत टीसीएल पावडर. साधा हिशेब असा : विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४. आले तितके हजार लिटर पाणी. समजा व्यास ६ मीटर आणि पाणी ३ मीटर, तर जवळपास ८५ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरले तर सव्वाचारशे ग्रॅम टीसीएल. ते प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून बादली वर-खाली करून ढवळा, तासभर कोणी पाणी भरू नका. पिशवी ताजी आणि कोरडी हवी. फोडून महिनोन्महिने ठेवलेल्या पावडरीत क्लोरीन उरत नाही, नुसता चुना उरतो. जलसुरक्षकाकडून ओटी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पाहायची चाचणी, करून घ्या, फिकट पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. चाचणीचं ते पाणी फेकून द्यायचं. पण खड्डा बाविसाव्या पावलावरच राहिला तर टीसीएल दर आठवड्याला टाकत बसावं लागेल. पारव्यांना जाळी, काठाला ओटा, गोठ्याचा पाट उलट दिशेला आणि जमेल तेव्हा शोषखड्डा उताराच्या अंगाला, हे खरं काम.

तुरटी, निवळीच्या बिया, चौपदरी सुती फडकं यांनी पाण्यातला गाळ जातो आणि ते करायला माझी हरकत नाही. जंतू किंवा नायट्रेट त्याने जात नाहीत, एवढं ध्यानात असू द्या. आणि एवढं सगळं करून माठात हात बुडवून ग्लास भरला तर मेहनत वाया जाते. ओगराळं लावा किंवा तोटीचा माठ घ्या.

मशीनचं आता ठरवता येईल. नायट्रेट ४५ च्या वर निघालं आणि दुसरं पाणी नसेल, तर आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी गाळणारं मशीन, घ्या, तो तुमच्या कामाचा आहे. पण बसवल्यावर महिनाभराने मशीनमधून निघणारं पाणी नायट्रेटसाठी तपासा आणि पुढे वर्षातून एकदा. पडदा जुना झाला की तो गळू लागतो आणि ते चवीवरून कळत नाही. त्यातून वाया जाणारं पाणी भांड्यांना, फरशीला वापरा, पुन्हा विहिरीशेजारी सोडू नका. नायट्रेट, फ्लोराइड, क्षार सगळं मर्यादेत आणि त्रास फक्त जंतूंचा असेल तर आरओची गरज नाही, उकळणं किंवा क्लोरीन पुरे. तोवर विक्रेत्याला कळवा की प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर सांगतो. बयाणा परत मागायला संकोच करू नका.

नमुना एकदाच देऊन थांबू नका. क्षारांसाठी मे महिन्यात, पाणी तळाला असताना, आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास. जंतूंसाठी पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर आठवड्याच्या आत, कारण वर्षभर अंगणात साठलेलं सगळं तेव्हाच विहिरीत उतरतं.

उद्या सकाळी ऊन वर यायच्या आत सासऱ्यांना घेऊन विहिरीवर जा. सूर्य तिरपा असतो तेव्हा आतल्या भिंतीवरची ओल चांगली दिसते. कुठला झरा जुना आणि कुठला संडास बांधल्यानंतरचा, हे त्यांना विचारून कागदावर मांडून घ्या. तो कागद आणि अहवालाचे आकडे मला पाठवा, मी दोन्ही एकत्र वाचून कळवते.